थीम पार्क व्लॉग: जीव लावा, पण तारीख बघून

पंचेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ. पार्किंगपासून फाटकापर्यंतची चाल, हातात कॉफी, “आज गर्दी कमी दिसतेय” हे ठरलेलं वाक्य, मग पहिली राइड, दुपारचं खाणं, रात्रीची आतषबाजी. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डवर आणि युनिव्हर्सल ऑरलँडोवर, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडवर असे व्हिडिओ रोज येतात आणि ते रोज बघणारे चाहतेही आहेत. हे परीक्षण कुठल्या एका चॅनेलचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे. फुकट मिळणारी एक सेवा म्हणून व्लॉग कशाला उपयोगी पडतो, कुठे फसवतो आणि का, हे इथे तपासलं आहे.

चाहते व्लॉगकडे दोन कामांसाठी येतात. एक सोबत, दुसरं सहलीची आखणी. सोबतीचं काम व्लॉग फार छान करतात. आखणीचं काम अर्धंमुर्धं करतात. चाहत्यांची बरीचशी नाराजी या दोहोंच्या सरमिसळीतून येते. ज्याचा आवाज रोज कानावर पडतो तो आपला माणूस वाटतो, आणि आपल्या माणसाने सांगितलेलं आपण पडताळून बघत नाही. मग सहलीच्या दिवशी गणित चुकलं की राग दुप्पट येतो.

सोबतीला नावं ठेवण्यासारखं काही नाही. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, किंवा पार्कला एकदाच जाऊन आलेल्या आणि पुन्हा कधी जमेल हे ठाऊक नसलेल्या माणसाला, मेन स्ट्रीटवरून किल्ल्याकडे जाणारी पाच मिनिटांची न तोडलेली चाल खरोखर बरं वाटायला लावते. त्यासाठी चांगला व्लॉग ओळखायची खूण सोपी आहे: व्लॉगर मध्येच बोलणं थांबवतो आणि कॅमेरा चालू ठेवतो. डिस्नेच्या पार्कांत प्रत्येक भागाचं वेगळं संगीत दिवसभर वाजत असतं. जुने चाहते डोळे मिटूनही सांगतात, आपण अ‍ॅडव्हेंचरलँडमध्ये आहोत की टुमारोलँडमध्ये. तेच संगीत व्लॉगमध्ये ऐकू येत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. त्यामागे कारण आहे. ते संगीत कॉपीराइटचं असतं, यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते पकडते आणि दावा लागला की जाहिरातीचं उत्पन्न हक्कधारकाकडे वळू शकतं. म्हणून त्यावर दुसरीच ट्यून चढवली जाते, किंवा व्लॉगर सतत बोलत राहतो.

लांबीचंही तसंच. जुलै २०२०पासून यूट्यूबवर आठ मिनिटांच्या व्हिडिओतही मध्ये जाहिराती टाकता येतात. आधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. त्यामुळे नव्या पॉपकॉर्नच्या डब्याची तीन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट साडेआठ-नऊ मिनिटांवर जाते. ताणलेला व्हिडिओ बघायचाच असेल तर वर्णनाच्या खिडकीतून ट्रान्सक्रिप्ट उघडावी, हवा तो शब्द शोधावा आणि त्याच्या वेळेवर बोट ठेवून थेट तिथे जावं. व्लॉगरने चॅप्टर पाडले असतील तर तेवढंही करावं लागत नाही. चॅप्टर पाडणं फुकट आहे आणि सोपं आहे: पहिली वेळ शून्यापासून, कमीत कमी तीन भाग, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. एवढं करणारा व्लॉगर बघणाऱ्याच्या वेळेची कदर करतो, असं खुशाल समजावं.

आता आखणी. इथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: हे चित्रण कधीचं आहे? व्हिडिओखाली दिसते ती टाकल्याची तारीख, चित्रणाची नव्हे. जुन्या तुकड्यांचं संकलन नव्या तारखेने टाकलं जातं, आणि शोधल्यावर पाच वर्षांपूर्वीचा लोकप्रिय व्हिडिओ आजही वर येतो. पण व्लॉगमधले शब्दच त्याचं वय सांगतात. इथले दाखले डिस्ने वर्ल्डचे आहेत. ‘फास्टपास प्लस’, म्हणजे राइडची वेळ आधी राखून रांग टाळायची सोय, वापरताना दिसला तर चित्रण मार्च २०२०च्या आधीचं. पार्क बंद झाले तेव्हा ती सोय थांबली ती परत आलीच नाही. ‘पार्क रिझर्व्हेशन आधी करा, नाहीतर आत सोडणार नाहीत’ असं बजावलं असेल तर जुलै २०२० ते ९ जानेवारी २०२४ यांमधलं. त्यानंतर तारखेच्या तिकिटांना ती अट उरली नाही. ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ या राइडसाठी बोर्डिंग ग्रुप, म्हणजे अ‍ॅपवरच्या रांगेतला क्रमांक, मिळवण्याची धडपड दिसली तर डिसेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ‘जिनी प्लस’ या रांग टाळण्याच्या विकतच्या सोयीच्या व्हिडिओंवर. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ही सोय १९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाली आणि तिचा नियम होता की बुकिंग त्याच दिवशी सकाळी ७ वाजता उघडायचं. त्यावर शेकडो व्हिडिओ निघाले: पावणेसातला उठा, वायफाय बंद करा, बोट बटणावर तयार ठेवा. २४ जुलै २०२४ला तिची जागा ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ने घेतली आणि आगाऊ बुकिंग परत आलं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी, तीन राइड निवडता येतात. सकाळी सातची वेळ कायम आहे, पण दिवस बदलला. जुना व्हिडिओ बघून सहलीच्या सकाळी फोन घेऊन बसलेल्या माणसाला कळतं की लोकप्रिय राइडच्या सोयीच्या वेळा बाकीच्यांनी कधीच घेऊन ठेवल्यात. व्लॉगर खोटं बोललेला नसतो. त्याचा सल्ला मुदतबाह्य झालेला असतो, आणि तो व्हिडिओ काढून टाकण्यात त्याचा काही फायदा नसतो. जे व्लॉगर अशा जुन्या व्हिडिओच्या नावातच ‘आता लागू नाही’ असं लिहितात, किंवा वर पिन केलेल्या ओळीत नव्या व्हिडिओकडे बोट दाखवतात, त्यांचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं. अशांची संख्या वाढायला हवी.

शब्द नसले तर चित्र बघावं. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कच्या किल्ल्यावर सोनेरी तोरणं आणि दर्शनी भागावर ‘५०’चं पदक असेल तर ते पन्नाशीच्या सोहळ्यातलं, तो सोहळा १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२३ असा चालला, सजावट उतरवायला मात्र आणखी थोडा वेळ गेला. तिथल्याच एपकॉट या दुसऱ्या पार्कमध्ये मोठ्या गोलामागे बांधकामाच्या भिंती दिसल्या तर चित्रण बहुधा डिसेंबर २०२३च्या आधीचं. मॅजिक किंगडममधली ‘स्प्लॅश माउंटन’ राइड २२ जानेवारी २०२३ला शेवटची चालली; तिच्या जागी ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ २८ जून २०२४ला उघडली. मुलं दमली की दुपारी टॉम सॉयर बेटावर न्या, किंवा मपेट्सच्या थ्रीडी खेळात गार हवेत वीस मिनिटं बसा, हा सल्ला वर्षानुवर्षं चांगला होता. मपेट्सचा खेळ ७ जून २०२५नंतर बंद झाला, बेट आणि त्याभोवतीची नदी ६ जुलै २०२५नंतर. म्हणजे दुपारच्या विश्रांतीचे दोन हमखास पत्ते एकाच महिन्याच्या अंतराने गेले, आणि ते सांगणारे व्हिडिओ अजून जागेवर आहेत.

तारखेनंतर रांग. राइडच्या दाराशी रांगेचा अंदाजे वेळ सांगणारा फलक असतो. ‘फलकावर ७५ मिनिटं होती, आम्ही चाळीसमध्ये आत’ हे वाक्य व्लॉगमध्ये युक्ती म्हणून सांगितलं जातं. बऱ्याचदा त्यात युक्ती काही नसते, फलकावरचा आकडाच तसा असतो. डिस्नेची तो मोजायची एक जुनी पद्धत म्हणजे लाल कार्ड. रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हातात कर्मचारी कार्ड देतो, चढताना ते परत घेतलं जातं, आणि मधला वेळ नोंदला जातो. पण कार्ड परत येईपर्यंत रांगेचं शेपूट बदललेलं असतं, म्हणजे मोजलेला आकडा मुळातच मागचा असतो. शिवाय आकडा थोडा वाढवून लावला तर पाहुणा खूश होतो, आणि पार्क बंद व्हायच्या सुमाराला मोठा आकडा नव्या माणसांना रांगेपासून दूर ठेवतो. त्यामुळे संध्याकाळी उशिरा फलक आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत पडणं काही नवलाचं नाही.

रांगेबद्दल विश्वासार्ह व्लॉग कसा असतो? फोनचा पडदा कॅमेऱ्यासमोर धरलेला, त्यावर अ‍ॅपमधला आकडा आणि वर घड्याळ: १०:१२, ७५ मिनिटं. मग रांगेतल्या पहिल्या वळणावर पुन्हा घड्याळ. मग राइडमध्ये बसल्यावर खुर्चीचा कठडा खाली येताना तिसऱ्यांदा: १०:५१. एवढ्या तीन झलकांतून ३९ मिनिटांची रांग सिद्ध होते, आणि मधला वेळ बाहेर उन्हात गेला की आत सावलीत, हेही कळतं. हे तीन नसतील तर ‘पटकन झालं’ला काही अर्थ नाही, कारण संकलनात राइड मध्येच बंद पडल्याची वीस मिनिटंही कापली जातात. म्हणूनच रांगेसाठी थेट प्रक्षेपण केव्हाही सरस. त्यात कापता येत नाही. कंटाळा येतो, चित्र अडकतं, गर्दीच्या वेळी मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, पण रांग असेल तेवढीच दिसते.

आणखी एक गफलत सकाळची. पार्क उघडताना सगळ्यांच्या आधी पोचायचं, याला चाहते ‘रोप ड्रॉप’ म्हणतात. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. व्लॉगर अशा हॉटेलात उतरलेला असतो, पहिल्या तासात तीन मोठ्या राइड करतो आणि तोच क्रम ‘परफेक्ट सकाळ’ म्हणून सांगतो. बाहेरच्या हॉटेलातून येणारा माणूस तोच क्रम पाळतो, तेव्हा त्याच्यापुढे अर्ध्या तासाची गर्दी आधीच उभी असते. पहिल्या राइडला पन्नास मिनिटं लागली की पुढचं सगळं घसरत जातं. तेव्हा व्लॉगर कुठे उतरला आहे, किती जण आहेत आणि वार कोणता आहे, हे आधी बघावं. वर्षभराचा पास असलेलं जोडपं शाळा चालू असताना मंगळवारी जातं, सिंगल रायडरच्या, म्हणजे एकेकट्याने बसायला तयार असलेल्यांच्या, रांगेत शिरतं, गर्दी दिसली की घरी परततं. लहान मूल घेऊन सुटीत येणाऱ्या कुटुंबाला यातलं एकही शक्य नसतं. आणि ‘अर्ध्या दिवसात सगळ्या राइड’ असं नाव दिसलं तर ‘प्रीमियर पास’, म्हणजे वेळ न राखता रांग टाळू देणारा महागडा पास, विकत घेतलाय का ते तपासावं. २०२४च्या ऑक्टोबरअखेर हा पास आला तेव्हा तारीख आणि पार्क यांप्रमाणे त्याची किंमत माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर होती, तीही प्रवेशाच्या तिकिटाशिवाय.

राइडची चित्रणं हा चाहत्यांचा सगळ्यात लाडका प्रकार, आणि इथे फसवणूक कॅमेऱ्याची असते. चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रुंद कोनाच्या लेन्समुळे कडांवरून वस्तू वेगाने सरकताना दिसतात, म्हणून वेग जास्त भासतो. त्याच लेन्समुळे उतार मात्र सपाट दिसतो, म्हणून उभी घसरण किरकोळ वाटते. अंधाऱ्या राइडमध्ये कॅमेरा संवेदनक्षमता वाढवून चित्र उजळ करतो. प्रत्यक्ष बसलेल्याला जिथे काळोख आणि अचानक समोर आलेला चेहरा असतो, तिथे व्हिडिओत छत, तारा, भिंतीचे जोड सगळं दिसतं. ‘व्हिडिओत तर काहीच भीतीदायक नव्हतं’ म्हणून पाच वर्षांच्या मुलाला नेलं आणि ते रडत बाहेर आलं, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तिसरी गोष्ट स्थिरीकरणाची. आजचे फोन आणि अ‍ॅक्शन कॅमेरे हादरे पुसून टाकतात. ज्यांना गाडी लागते, पाठ दुखते, मान अवघडते, त्यांना नेमकी त्या हादऱ्यांचीच माहिती हवी असते आणि तीच गायब होते. त्यांनी समोरच्या रुळाकडे न बघता चित्राच्या कडेला दिसणारी पुढच्या रांगेतली डोकी आणि खांदे बघावेत. ती किती आपटतात त्यावरून अंदाज येतो. चौथी, स्क्रीनवर चालणाऱ्या सिम्युलेटर राइड. त्यांच्या चित्रणात खुर्चीची हालचाल कळत नाही, आणि उलटी होते ती त्याच हालचालीने. अशा राइडबद्दल तोंडी वर्णन करणारा व्लॉगर चित्र दाखवणाऱ्यापेक्षा उपयोगी.

शिवाय काही राइडमध्ये कॅमेरा नेताच येत नाही. युनिव्हर्सलच्या ‘व्हेलॉसीकोस्टर’ला खिसे पूर्ण रिकामे करून सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं आणि पुढे मेटल डिटेक्टर असतो. १५५ फूट उंचीची, ताशी ७० मैलांची ती राइड व्हिडिओत बसल्या जागेवरून दिसत असेल तर ते चित्रण कंपनीचं किंवा कंपनीच्या परवानगीचं आहे, म्हणजे सगळ्यात चांगल्या उजेडात, सगळ्यात चांगल्या जागेवरून घेतलेलं. याच राइडला किमान उंची ५१ इंच लागते. हॅग्रिडच्या मोटरसायकलवाल्या कोस्टरला ४८, फ्लोरिडातल्या ‘स्पेस माउंटन’ आणि ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ला ४४, ‘टियाना’ आणि ‘राइज’ला ४०, सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८. मोठ्या माणसांच्या जोडीने केलेल्या व्लॉगमध्ये हे आकडे क्वचित येतात, आणि पालकांना सगळ्यात आधी तेच हवे असतात. मोजपट्टी राइडच्या दाराशी असते, आणि तिथून मूल परत फिरतं तेव्हा कुणीही त्याची समजूत घालू शकत नाही. घरीच, पायांत जे घालून जाणार तेच घालून मोजून घ्यावं.

खाण्याचे व्हिडिओ थोडक्यात. पहिला घास, मोठे झालेले डोळे, ‘हे फारच भारी आहे’: यातून काही कळत नाही, कारण पहिला घास जवळपास सगळ्याच गोड पदार्थांचा चांगला लागतो. जवळून रुंद कोनाने घेतलेली बशी खरी असते त्याहून मोठी दिसते. एपकॉटच्या खाद्य महोत्सवातल्या चार घासांच्या बश्या तर हमखास. चांगला व्लॉगर बशीशेजारी काटा किंवा स्वतःचा हात ठेवतो, पदार्थ मधोमध कापून आतला भाग दाखवतो, पावती दाखवतो आणि अर्ध्यावर आल्यावर पुन्हा मत देतो. पत्रकार आणि व्लॉगर यांच्यासाठी आधी ठेवलेल्या चाखणीतली बशी एकेक करून मांडलेली असते. महोत्सवाच्या शनिवारी खिडकीतून मिळणारी तशी नसते. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघितले की फरक सॉसच्या रेषेतही दिसतो.

यातून आमंत्रणाचा विषय येतोच. चाहत्यांत सगळ्यात तीव्र मतं याच बाबतीत आहेत. सगळं गोड बोलणाऱ्यांना ‘पिक्सी डस्टर’ म्हणतात, आणि त्यांच्यावर आरोप असतो की पुढचं आमंत्रण हुकू नये म्हणून ते दोष गिळतात. आमच्या मते आमंत्रण घेणं हा दोष नाही. नवी राइड, नवं हॉटेल उघडण्याआधी बघायला मिळणं चाहत्यांच्याही उपयोगाचं आहे. दोष न सांगण्यात आहे. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका स्पष्ट आहे: पैसे, फुकट वस्तू, फुकट प्रवास किंवा मुक्काम मिळाला असेल तर ते सहज दिसेल, ऐकू येईल असं सांगायला हवं, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच, नुसतं खालच्या वर्णनात लपवून चालत नाही. यूट्यूबची ‘पेड प्रमोशन’ची पट्टी सुरुवातीला काही सेकंद दिसून जाते, तेवढ्यावर विसंबू नये. पहिल्या मिनिटात तोंडाने ‘या मुक्कामाचा खर्च हॉटेलने केला’ असं म्हणणारा व्लॉगर पुढे स्तुती करो वा टीका, आपल्याला त्याचं वजन करता येतं. ट्रॅव्हल एजन्सीच्या लिंकचंही तसंच. एजंटला कमिशन मिळतं, त्यामुळे ज्या हॉटेलवर कमिशन नाही ते व्लॉगमध्ये दिसेलच असं नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे डिस्ने वर्ल्डमधलं ‘गॅलेक्टिक स्टारक्रूझर’ हे स्टार वॉर्सवरचं हॉटेल. १ मार्च २०२२ला उघडलं, दोन रात्रींचा मुक्काम, दोघांना सुमारे ४,८०० डॉलर. उघडण्याआधी निमंत्रितांना ते दाखवण्यात आलं होतं. २०२३च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं. मग मे २०२४मध्ये जेनी निकोल्सन या यूट्यूबरने चार तासांहून थोडा मोठा व्हिडिओ टाकला. मुक्काम त्यांनी स्वतःच्या पैशांनी केला होता. जेवणाच्या कार्यक्रमात त्यांची खुर्ची खांबामागे आली आणि रंगमंच नीट दिसेना. अ‍ॅपवर चालणारी गोष्ट त्यांच्या बाबतीत पुढे सरकेना. आणि हे सगळं त्यांनी चित्रणासह, रकमांसह मांडलं. निमंत्रिताला खांबामागची खुर्ची सहसा मिळत नाही. पैसे भरणाऱ्यांपैकी कुणाला तरी ती मिळतेच. चार तासांचा व्हिडिओ लोकांनी एवढ्या आवडीने बघितला, याचं कारण आमच्या मते हेच.

त्याच जातीचं आणखी एक काम म्हणजे डिफंक्टलँड या चॅनेलचा नोव्हेंबर २०२१मधला फास्टपासच्या इतिहासावरचा दीड तासाहून मोठा व्हिडिओ. त्यात ‘शेपलँड’ नावाचं काल्पनिक पार्क संगणकावर उभं करून, दोन रांगा केल्यावर साध्या रांगेचं काय होतं हे चालवून दाखवलं आहे. रांगेबद्दल शंभर रोजचे व्लॉग बघूनही जे कळत नाही ते यातून कळतं: वेगळ्या मार्गाने माणसं आत सोडली की राइडची ताशी क्षमता वाढत नाही, फक्त वाटणी बदलते. रोजच्या व्लॉगला कंटाळलेल्याने इथून सुरुवात करावी.

अफवांचे व्हिडिओ मात्र बघू नयेत, असं सरळ सांगतो. लाल बाण, उघडं तोंड, ‘डिस्नेने कायमचं बंद केलं’ असं नाव. आत शिरलं की तीन आठवड्यांची नेहमीची डागडुजी असते. बांधकामाचे परवाने दाखवून केलेले व्हिडिओ जरा बरे, पण ‘काम सुरू होत आहे’ या नोटिशीत बहुतेक वेळा ठेकेदार आणि जागा एवढंच असतं. तिथे काय उभं राहणार, हा व्लॉगरचा अंदाज. पेटंटचंही तसंच, पेटंट घेतलं म्हणजे राइड बांधणार असं नाही. पार्कच्या अधिकृत ब्लॉगवर आणि डागडुजीच्या वेळापत्रकात जे नाही त्यावर विमानाची तिकिटं बदलू नयेत.

राहिला पार्कमधल्या वागण्याचा मुद्दा. यावर चाहते मनापासून दुखावलेले असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अंधाऱ्या राइडमध्ये कॅमेऱ्यावरचा दिवा लावला की मागच्या दहा-बारा जणांचा अनुभव संपतो. आतषबाजीत डोक्यावर धरलेला फोन मागच्या खांद्यावर बसलेल्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. त्या मुलाला पुढची पंधरा मिनिटं किल्ल्याऐवजी किल्ल्याचं पडद्यावरचं चित्र दिसतं. राइडमध्ये मोठ्याने निवेदन करणं, दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे जवळून टिपणं, राइडच्या शेवटच्या दिवशी तासन्‌तास जागा अडवणं, हे सगळं रागाचं कारण आहे. नियम आहेत. सेल्फी स्टिकवर डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत २०१५च्या उन्हाळ्यापासून बंदी आहे. साध्या पाठपिशवीत मावणारा आणि उघडल्यावर सहा फुटांपेक्षा उंच न होणारा ट्रायपॉडच नेता येतो. परवानगीशिवाय व्यावसायिक चित्रणाला मनाई आहे, पण व्यवहारात शिस्त व्लॉगरने स्वतःच पाळायची असते. फोन छातीच्या उंचीवर धरणं, पडद्याचा उजेड कमी करणं, दिवा बंद ठेवणं, बोलायचं ते रांगेबाहेर येऊन बोलणं: एवढं करणारे व्लॉगर आहेत आणि त्यांच्या चित्रणात काही कमी पडत नाही. नव्या व्लॉगरचं चॅनेल लावायचं असेल तर त्याचा आतषबाजीचा एक व्हिडिओ आधी बघावा. कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे ते दोन मिनिटांत कळतं. समोरच्या माणसांच्या डोक्यांच्या कडा चित्रात खाली येत असतील तर तो मागच्यांचा विचार करून उभा आहे.

सहलीसाठी व्हिडिओ निवडताना वेळेचा क्रम असा ठेवावा. दोन-तीन महिने आधी जागा ओळखीच्या होण्यासाठी न तोडलेल्या चालीचे व्हिडिओ, कितीही जुने चालतील, फक्त बंद झालेल्या राइड मनातून वजा कराव्यात. महिनाभर आधी बुकिंगचे नियम, आणि ते अधिकृत संकेतस्थळावरच. व्लॉग फक्त बटण कुठे आहे हे बघण्यापुरता. उंची आणि भीती यांसाठी मुलांसोबत जाणाऱ्या व्लॉगरचे व्हिडिओ. आठवडाभर आधी त्याच वाराचं एखादं थेट प्रक्षेपण, सकाळचा पहिला तास आणि दुपारी दोननंतरचा एक तास, एवढंच. त्यात फाटकाशी पिशव्या तपासायच्या रांगा किती आहेत, सावली कुठे पडते आणि पाण्याच्या नळाशी किती माणसं उभी आहेत ते बघून ठेवावं.